तोलाई

एकोच्या खोलीत मी दिवा मालवते.
वाशीच्या या दवाखान्यात सकाळपासून चौदा हृदयं झाली,
हे पंधरावं माझ्या बापाचं.

जेल गार लागेल म्हटलं, तर म्हणाले,
"लागूं दे. कोल्ड स्टोरेजात बटाटं उचललंय मी."
डाव्या कुशीवर वळवलं,
बरगड्यांमधली फट सापडली,
आणि पडद्यावर उघडमीट करू लागलं
एक करडं, मुकाट जनावर.

तीन महिन्यांपूर्वी तुर्भ्याला, मार्केटात,
कांद्याची थप्पी कलली. खुबा मोडला.
प्लेट बसवली, जखम चिघळली, परत उघडली.
कोपरखैरण्याच्या खोलीत, पंख्याच्या बरोबर खाली,
सर्जेराव सपकाळ, माथाडी, बिल्ला नंबरासकट आडवे.

कुरियन मॅडम चहा फुंकत म्हणाल्या होत्या,
वर गेलेल्यांचंही असंच होतं.
कुठे वर?
त्यांनी कपाच्या बशीने छताकडे दाखवलं.

वर म्हणे वजनच नसतं.
रक्ताला खाली ओढणारं कुणी नाही,
ते पायांतून उठतं आणि छातीत, मानेत, तोंडावर येऊन बसतं.
चेहरा सुजतो, पोटऱ्या वाळतात.
शरीराला वाटतं पाणी फार झालं,
ते लघवीवाटे काढून टाकतं.
मग एवढ्याशा रक्तापुढे हृदय तरी कशाला राबेल?
ते अंग चोरतं.
गोलसर होतं, आणि थोडं लहान.

आणि ज्यांना वर पाठवायचं नसतं
त्यांना म्हणे परदेशात पलंगावर निजवतात,
डोकं सहा अंश खाली, साठ दिवस,
आणि त्याचे पैसे देतात.
हे बापाला सांगितलं तर ते कितीतरी वेळ
पंख्याकडे बघत राहिले.
"निजायची हजेरी?"

मी रात्री हिशेब घातला होता.
बसल्या जागी मिनिटाला पाच लिटर,
म्हणजे दिवसाला सात हजार,
पन्नास किलोच्या गोणीने एकशे चाळीस गोण्या.
पहाटे माणूस नुसता उठून उभा राहतो
तेव्हाच पहिली खेप सुरू होते,
टाचेपासून टाळूपर्यंत.
याची पट्टी कुणी फाडत नाही,
हमाली नाही, तोलाई नाही, वाराई नाही.

मागच्या मंगळवारी त्यांना उभं केलं.
खिडकीचा गज धरून ते म्हणाले,
"आगं, ह्ये पाय कुणाचं?"
समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं.
ते बघता बघता ओठ पांढरे झाले.
मानेत, जबड्याखाली, दाबाचा एक पहारेकरी असतो,
तो नव्वद दिवस झोपलेला.
ज्या मानेवर चाळीस वर्षं गोणी बसली
तिला रक्त वर चढवायचं आठवेना.

मी धरलं.
आयुष्यात पहिल्यांदा बापाचं वजन माझ्या अंगावर आलं.
दवाखान्याच्या काट्यावर नंतर अठ्ठेचाळीस भरलं.
एका गोणीहून कमी.

आता पडद्यावर दोन ठिपके टाकते,
भिंतीची जाडी, पोकळीची रुंदी.
यंत्र आकडा काढतं. मी तो पुन्हा काढते.
हात हलला असेल म्हणून तिसऱ्यांदा.

"किती भरलं?" अंधारातून विचारतात.
"थोडं कमी."
"घट धर," म्हणतात, "उन्हाळी कांदा चाळीत ठिवला
तर घट येतीच की. त्येला काय रडायचं?"

जेल पुसलं, दिवा लावला.
पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडून.
लगेच उठायचं नाही, एक मिनिट थांबायचं.
आम्ही दोघं त्यांच्या पावलांकडे बघत बसलो.
आधी मेणासारखी,
मग अंगठ्याशी जरासं तांबूस,
मग घोट्यापर्यंत.
खाली उतरत होतं काहीतरी, ओळखीच्या वाटेने.

बाहेर सोळावा पेशंट खोकला.
"बोलाव त्येला," बाप म्हणाला,
आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला,
आधार घेताना ठेवतात तसा नाही,
गोणी उचलायच्या आधी
जोडीदाराच्या खांद्यावर ठेवतात तसा.